लॉगिन स्क्रिप्टमधून विंडोज ओळखणं आणि प्रत्येक काउंटरला त्याचाच प्रिंटर मिळवून देणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सहकारी पतसंस्थेत मुख्य कचेरी आणि शाखा मिळून साठेक मशीन आहेत. काही अजून विंडोज ७ वर, बरीचशी विंडोज १० वर, नवी घेतलेली विंडोज ११ वर आणि तीन लिनक्सवर. विंडोजच्या सगळ्या मशीनसाठी लॉगिन स्क्रिप्ट, म्हणजे लॉगिन करताच आपोआप चालणारी कमांडची फाइल, एकच. ती आधी ऑपरेटिंग सिस्टिम ओळखते, मग प्रिंटर जोडते, शेवटी डिफॉल्ट, म्हणजे वेगळा न निवडता आपोआप वापरला जाणारा प्रिंटर, लावते. अडचणी दोन. विंडोज ११ च्या मशीनला स्क्रिप्ट विंडोज १० म्हणते. आणि सकाळी लावलेला डिफॉल्ट प्रिंटर दुपारपर्यंत बदललेला असतो. मग ठेव पावती वरच्या मजल्यावरच्या लेझरवर निघते, आणि कर्जाचा चार पानी अर्ज पासबुकाच्या डॉट मॅट्रिक्सवर खरडत बसतो.

गेली वीसेक वर्षं मी अशाच कचेऱ्यांची मशीन सांभाळतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली अडचण लवकर सुटेल. दुसरीच्या मुळाशी जावं लागेल, कारण तिथे एकाच तक्रारीमागे चार-पाच वेगवेगळी कारणं लपलेली असतात आणि एक काढलं की लोकांना वाटतं काम झालं.

आधी ओळखण्याचं. तुमची स्क्रिप्ट रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथे साठवते तिथली, ‘प्रॉडक्ट नेम’ ही नोंद वाचते. स्थानिक मशीनच्या शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन या वाटेवर ती असते. दिसायला ती सगळ्यात सोपी, पण विंडोज ११ वरही तिथे ‘विंडोज १० प्रो’ असंच लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनमध्ये काही बिघाड नाही, मायक्रोसॉफ्टने ती नोंद तशीच ठेवली आहे. त्याच ठिकाणची ‘करंट व्हर्जन’ नावाची नोंद तर विंडोज ८.१ च्या काळातल्या ६.३ वर थांबली आहे. आवृत्ती विचारली तर विंडोज १० आणि ११ दोन्हीही १०.० असंच सांगतात. फरक कळतो तो फक्त बिल्ड नंबरवरून, म्हणजे विंडोजच्या आतल्या चढत्या क्रमांकावरून. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ बाहेर आलं ते २२००० या बिल्डवर. बिल्ड त्याहून कमी असेल तर विंडोज १०, २२००० किंवा पुढचा असेल तर विंडोज ११. त्याच वाटेवरची ‘करंट बिल्ड नंबर’ ही नोंद वाचा आणि बाकीच्या नावांना हातच लावू नका.

हाताशी असावेत म्हणून बाकीचे आकडेही देतो. एक्सपी २६००, विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ सह ७६०१, विंडोज ८ चा ९२००, ८.१ चा ९६००. विंडोज १० सुरू झालं १०२४० पासून आणि त्याची शेवटची आवृत्ती १९०४५ वर आहे. आकडे चढत जातात, त्यामुळे पाच-सहा नावं जुळवत बसण्यापेक्षा एका आकड्याची तुलना पुरते.

पण तुलना करताना एक खड्डा आहे आणि तुमची स्क्रिप्ट त्यात पडलेली आहे. तुम्ही जी ओळ दिली आहे तिचा अर्थ असा: आवृत्ती ६.१ किंवा त्याहून मोठी असेल तर नवी वाट धर, नाहीतर एक्सपीची. बॅच फाइलमध्ये, म्हणजे विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या कमांडच्या फाइलमध्ये, तुलनेच्या दोन्ही बाजूंना निव्वळ अंक असतील तरच ती आकड्यांची तुलना होते. मध्ये एक टिंब जरी आलं तरी ती अक्षरांची तुलना होते. मग ‘१०.०’ आणि ‘६.१’ यांच्यात पहिलं अक्षर पाहिलं जातं, १ आणि ६. एक हा सहाच्या आधी येतो, म्हणून विंडोज १० हे विंडोज ७ पेक्षा जुनं ठरतं. २०१५ च्या दिवाळीनंतर एका कचेरीत पहिलं विंडोज १० मशीन आलं आणि माझ्या स्क्रिप्टने त्याला एक्सपीच्या वाटेला लावून जुना ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) चिकटवायला सुरुवात केली, तेव्हा हे मला कळलं. अख्खी सकाळ मी ड्रायव्हरवर संशय घेत बसलो होतो.

म्हणून फक्त बिल्ड नंबर घ्या. पण तिथेही एक बारीक गोष्ट आहे. बॅच फाइलमध्ये काळजीपोटी आपण दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घालतो. अवतरणचिन्ह आलं की बाजू निव्वळ अंकांची राहत नाही, पुन्हा अक्षरांची तुलना होते, आणि ७६०१ हा २२००० पेक्षा मोठा ठरतो. म्हणजे विंडोज ७ चं मशीन विंडोज ११ म्हणून पुढे जातं. बिल्डची तुलना करताना अवतरणचिन्हं काढा. नोंद रिकामी आली तर ओळ मोडू नये म्हणून ‘आधी रिकामी आहे का’ ही तपासणी वेगळ्या ओळीत ठेवा. पॉवरशेल या विंडोजच्या नव्या स्क्रिप्टच्या भाषेत लिहीत असाल तर रजिस्ट्रीतून आलेला बिल्ड हा मजकूर असतो, तो पूर्णांकात बदलून घ्या. पूर्ण आवृत्तीच हवी असेल तर ती ‘व्हर्जन’ या प्रकारात बदलून घ्या, मग टिंबांसह तुलना बरोबर होते.

सर्व्हरवरही हीच स्क्रिप्ट चालत असेल तर बिल्ड पुरत नाही. सर्व्हर २०२५ आणि विंडोज ११ ची २०२४ मधली आवृत्ती, दोघांचाही बिल्ड २६१०० आहे. तिथे डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती देणाऱ्या यंत्रणेतल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गातला ‘प्रॉडक्ट टाइप’ पाहा. १ म्हणजे साधं मशीन, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन तपासणारा सर्व्हर), ३ म्हणजे बाकीचा सर्व्हर. हे वाचायला ‘डब्ल्यूएमआयसी’ ही जुनी कमांड वापरत असाल तर ती आता सोडा. मायक्रोसॉफ्टने ती बाजूला सारली आहे, विंडोज ११ च्या नव्या मशीनवर ती मुळात नसूही शकते. ‘सिस्टिम इन्फो’चं आउटपुट शोधून त्यातून नाव उचलणंही टाळा. तो मजकूर विंडोजच्या भाषेप्रमाणे बदलतो, शिवाय ती कमांड इतकी सावकाश चालते की काउंटरवरचा माणूस लॉगिनलाच कंटाळतो.

कुणी स्वतःचा छोटा प्रोग्रॅम बनवून आवृत्ती विचारत असेल तर त्यालाही सांगा. विंडोज ८.१ पासून जुन्या पद्धतीने विचारणाऱ्या प्रोग्रॅमला सिस्टिम ६.२ असंच उत्तर देते. प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्याच्यासोबतच्या माहितीत, नव्या विंडोजची दखल घेतलेली असेल तरच खरा आकडा मिळतो. जुने प्रोग्रॅम अनोळखी आकडा पाहून बंद पडू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ऑपरेटिंग सिस्टिम ओळखण्याआधी ती कशासाठी ओळखायची आहे ते ठरवा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये सात ठिकाणी ‘विंडोज ७ असेल तर’ असं आलं आहे. त्यातल्या पाच ठिकाणी तुम्हाला खरं तर वेगळंच विचारायचं आहे. पॉवरशेलमधल्या प्रिंटर जोडायच्या तयार कमांड विंडोज ८ पासून आल्या, म्हणून तुम्ही आवृत्ती तपासता. त्याऐवजी ‘ही कमांड या मशीनवर आहे का’ असं थेट विचारता येतं. ड्रायव्हर ३२ बिटचा की ६४ बिटचा हे ठरवायला तुम्ही विंडोजचं नाव पाहता, तर तिथे मशीनची बिट-रचना विचारावी. पण जपून. ३२ बिटच्या प्रोग्रॅममधून स्क्रिप्ट सुटली तर ‘प्रोसेसर आर्किटेक्चर’ हे व्हेरिएबल ६४ बिटच्या मशीनवरही ‘एक्स ८६’, म्हणजे ३२ बिट, असं सांगतं. तेव्हा त्याच्याच जोडीचं, नावाच्या शेवटी डब्ल्यू ६४३२ असलेलं दुसरं व्हेरिएबल भरलेलं असतं. ते भरलेलं दिसलं की मशीन ६४ बिटचं समजा. जे हवं तेच विचारलं की उद्या नवी विंडोज आली तरी स्क्रिप्ट अडत नाही, आणि स्क्रिप्ट तुमच्यानंतर ज्याच्या हाती जाईल त्यालाही ती वाचता येते.

आता प्रिंटर.

डिफॉल्ट प्रिंटर मशीनचा नसतो, माणसाचा असतो. विंडोज तो प्रत्येक युजरच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवते. चालू युजरच्या शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विंडोज, आणि तिथे ‘डिव्हाइस’ नावाची नोंद. नोंदीत स्वल्पविराम देऊन तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: प्रिंटरचं नाव, ‘विनस्पूल’ हा शब्द आणि पोर्ट. नेटवर्क प्रिंटर असेल तर पोर्टच्या जागी ‘एनई ००’ असं काहीतरी दिसतं. हा आकडा मशीनमशीनवर वेगळा असतो. म्हणून ही नोंद स्क्रिप्टने हाताने लिहू नये, लिहिण्याचं काम विंडोजवर सोपवावं. रोमिंग प्रोफाइल, म्हणजे युजरबरोबर मशीनमशीनवर जाणारी त्याची सेटिंग, वापरत असाल तर ही नोंद माणसाबरोबर दुसऱ्या शाखेत जाते आणि तिथे तो प्रिंटरच नसतो, ही त्यातली वेगळी डोकेदुखी.

हे कळलं की तुमचं निम्मं कोडं सुटतं. गेल्या महिन्यात तुम्ही प्रिंटरचा भाग मशीन सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हलवला, कारण साध्या युजरला ड्रायव्हर बसवायची परवानगी नव्हती. तेव्हापासून गोंधळ वाढला असं तुम्ही लिहिलं आहे. मशीन सुरू होतानाची स्क्रिप्ट ‘सिस्टिम’ या खात्यातून चालते. तिने लावलेला डिफॉल्ट सिस्टिम या खात्याचा झाला, काउंटरवर बसलेल्या ताईंचा नाही. लॉगमध्ये ‘यशस्वी’ लिहिलेलं आहे आणि ते खरंही आहे, फक्त दुसऱ्याच्या खात्यात.

परवानगीची अडचण मात्र खरी आहे. २०२१ च्या जुलैमध्ये ‘प्रिंट नाइटमेअर’ नावाने गाजलेली प्रिंट स्पूलरमधली, म्हणजे विंडोजच्या छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागातली, त्रुटी उघड झाली. त्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या अपडेटने नेटवर्कवरून ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचा हक्क सक्तीचा केला. त्याआधी वर्षानुवर्षं चालत आलेल्या लॉगिन स्क्रिप्ट त्या महिन्यात एकदम पासवर्ड मागू लागल्या. ती सक्ती रजिस्ट्रीतून बंद करता येते आणि पुष्कळांनी तेव्हा घाईत ती बंद केली. तुम्ही करू नका. सभासदांच्या ठेवींची माहिती ज्या मशीनवर आहे तिथे स्पूलरचं दार उघडं ठेवणं मला पटत नाही. कामाची वाटणी करा: ड्रायव्हर मशीनच्या स्क्रिप्टने बसवायचा, जोडणी आणि डिफॉल्ट युजरच्या स्क्रिप्टने करायचे. ड्रायव्हर आधीच बसलेला असला की साध्या युजरला जोडणी करताना कुणी काही विचारत नाही, मात्र प्रिंट सर्व्हरवरचा ड्रायव्हर आणि मशीनवरचा ड्रायव्हर एकाच आवृत्तीचे असू द्या.

आता दुपारी बदलणाऱ्या डिफॉल्टचं. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून विंडोज स्वतःच डिफॉल्ट प्रिंटर सांभाळते. सोय अशी की या ठिकाणी शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तोच पुढचा डिफॉल्ट. घरी एकच प्रिंटर असलेल्या माणसाला हे सोयीचं. पण तुमच्या काउंटरवर दोन प्रिंटर असतात. ताईंनी अकरा वाजता मुद्दाम लेझर निवडून एक अर्ज छापला की त्या क्षणापासून लेझर डिफॉल्ट झाला, आणि पुढची ठेव पावती तिकडे गेली. तुमची विंडोज ७ ची मशीन यातून सुटली आहेत, आणि तक्रार फक्त नव्या मशीनवरून येते याचं कारण हेच.

हे बंद करायची नोंद त्याच जागी आहे, ‘डिव्हाइस’च्या शेजारी. नाव ‘लेगसी डिफॉल्ट प्रिंटर मोड’. ती १ असली की विंडोज हात काढून घेते, ० असली की सांभाळते. ग्रुप पॉलिसीतही (सर्व्हरवरून सगळ्या मशीनला एकदम नियम लावायची सोय) युजरच्या भागात, कंट्रोल पॅनेल आणि त्याखाली प्रिंटर, इथे यासाठी तयार सेटिंग आहे. डोमेन असेल, म्हणजे सगळी मशीन एकाच सर्व्हरला बांधलेली असतील, तर तेच वापरा. स्क्रिप्टनेच करायचं असेल तर आधी ही नोंद १ करा, मग डिफॉल्ट लावा, क्रम उलटा नको. इथे विंडोज कोणती हे विचारायचीही गरज नाही. विंडोज ७ वर ही नोंद लिहिली तरी ती कुणी वाचत नाही, नुकसान काही होत नाही.

मग डिफॉल्ट लावायचा कसा? तीन वाटा आहेत. जुनी वाट व्हीबीस्क्रिप्टच्या नेटवर्क ऑब्जेक्टची, जी तुम्ही वापरता. चालते, पण व्हीबीस्क्रिप्ट काढून टाकायचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलं आहे, नवं काम त्यात सुरू करू नका. दुसरी वाट ‘रन डीएलएल ३२’ने ‘प्रिंट यूआय’ला हाक मारायची. एका ओळीत काम होतं, बॅच फाइलला बरी. मात्र त्यातलं फंक्शनचं नाव लहान-मोठ्या अक्षरांसह जसंच्या तसं लिहावं लागतं, आणि चुकलं तर स्क्रीनवर चौकट उघडून बसते. तिसरी वाट पॉवरशेलमधून सीआयएमच्या (डब्ल्यूएमआयचीच माहिती वाचायची नवी पद्धत) प्रिंटर वर्गाची. नावाने प्रिंटर शोधायचा, सापडला तर त्याच्यावर ‘सेट डिफॉल्ट प्रिंटर’ ही मेथड चालवायची, उत्तर ० आलं की झालं. मी हीच वापरतो, कारण सापडला नाही तर काय करायचं हे माझ्या हातात राहतं. नवशिक्यांची एक फसगत इथे नेहमी होते. पॉवरशेलची ‘गेट प्रिंटर’ ही कमांड प्रिंटरची यादी देते, पण कोणता डिफॉल्ट आहे ते सांगत नाही. ते याच सीआयएम वर्गातल्या ‘डिफॉल्ट’ या रकान्यात मिळतं.

प्रिंटर नावाने शोधताना यूएसबीवरच्या डॉट मॅट्रिक्सची गंमत लक्षात ठेवा. कुणीतरी टेबल पुसताना वायर काढतं आणि शेजारच्या छिद्रात घालतं. विंडोजला तो नवा प्रिंटर वाटतो, नावापुढे ‘कॉपी १’ लागतं, आणि जुन्या नावाचा प्रिंटर यादीत तसाच राहतो, ऑफलाइन. तुमची स्क्रिप्ट इमाने इतबारे जुन्या, मेलेल्या नावाला डिफॉल्ट करते आणि पावत्या रांगेत साचतात. म्हणून नाव पूर्ण जुळवू नका, सुरुवातीचा भाग जुळवा, आणि जुळणाऱ्यांपैकी जो ऑफलाइन नाही तो घ्या. ‘वर्क ऑफलाइन’ हा रकाना त्याच वर्गात आहे. रिमोट डेस्कटॉपवर काम करणाऱ्या शाखांनाही हेच लागू. तिथे प्रिंटरच्या नावाच्या शेवटी ‘रिडायरेक्टेड’ आणि सेशनचा आकडा लागतो, आणि तो रोज बदलतो.

कुणाला कोणता प्रिंटर द्यायचा, हे तुम्ही युजरच्या नावावरून ठरवता. सगळ्या व्यवस्थेतला कच्चा दुवा मला हाच वाटतो. रजेच्या दिवशी माणसं काउंटर बदलतात, शाखा बदलतात. प्रिंटर मात्र टेबलाशेजारीच असतो. म्हणून निर्णय मशीनच्या नावावरून करा. सर्व्हरवर एक साधी तक्त्याची फाइल ठेवा: पहिल्या रकान्यात मशीनचं नाव, दुसऱ्यात विंडोजवरचं प्रिंटरचं नाव, तिसऱ्यात लिनक्सवरचं. स्क्रिप्टने तक्ता उघडावा, आपली ओळ शोधावी आणि तेवढंच करावं. नवं काउंटर आलं तर शाखेतला माणूसही तक्त्यात ओळ घालू शकतो, स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. लॅपटॉप फिरता असेल तर मशीनच्या नावाऐवजी गेटवेच्या, म्हणजे तिथल्या राउटरच्या, पत्त्यावरून शाखा ओळखा. आणि ओळ सापडली नाही तर स्क्रिप्टने गप्प बसावं, अंदाजाने पहिला दिसेल तो प्रिंटर लावू नये. एका कचेरीत अशा अंदाजाने एका कर्जदाराच्या थकबाकीचा कागद स्वागतकक्षातल्या प्रिंटरवर निघाला होता आणि चार अनोळखी लोकांनी तो वाचला. त्या माणसाचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. चुकीच्या ठिकाणी छापण्यापेक्षा न छापलेलं बरं.

तक्त्यात प्रिंटरची नावं मराठीत असतील, आणि तुमच्याकडे ‘ठेव विभाग’ अशी आहेत, तर आणखी एक गोष्ट पाहा. देवनागरीला विंडोजच्या जुन्या कोडपेजांमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या जुन्या तक्त्यांमध्ये, जागा नाही. बॅच फाइल साध्या पद्धतीने सेव्ह केली की ‘ठेव विभाग’च्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि प्रिंटर सापडत नाही. पॉवरशेल ५.१, म्हणजे विंडोजबरोबर येणारं, यूटीएफ ८ (सगळ्या लिपी सामावणारी साठवण्याची पद्धत) फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही ओळखखूण नसेल तर तिला जुन्या कोडपेजने वाचतं. म्हणजे नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘यूटीएफ ८ विथ बीओएम’ हा पर्याय निवडा. पॉवरशेल ७ ला याची गरज पडत नाही. मराठी नावं ठेवूच नयेत असं मी म्हणणार नाही. शाखेतल्या माणसाला ‘ठेव विभाग’ वाचून जे कळतं ते ‘पीआरएन ०३’ वाचून कळत नाही. फक्त फाइल नीट सेव्ह करा.

यानंतर वेळेचा प्रश्न. विंडोज ८.१ पासून ग्रुप पॉलिसीतून दिलेली लॉगिन स्क्रिप्ट लॉगिन झाल्या झाल्या सुरू होत नाही, मुळात पाच मिनिटं थांबते. लॉगिन झटपट वाटावं म्हणून ठेवलेली ती दिरंगाई आहे. तुमच्या ताई नऊ पंचावन्नला लॉगिन करतात आणि दहाला पहिली पावती छापतात, तोवर स्क्रिप्टने डोळेही उघडलेले नसतात. ग्रुप पॉलिसीत मशीनच्या भागात, सिस्टिमखाली ‘लॉगॉन स्क्रिप्ट डिले’ची सेटिंग आहे, तिथे शून्य मिनिटं द्या. शिवाय काही जुने प्रोग्रॅम उघडतानाच डिफॉल्ट वाचून घेतात आणि दिवसभर तोच धरून बसतात. तुमचं बँकिंग सॉफ्टवेअर त्यातलं असेल तर स्क्रिप्ट संपल्यावर ते एकदा बंद करून उघडावं लागेल.

खरं तर त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक छापील नमुन्याला वेगळा प्रिंटर ठरवून देता येतो का ते आधी विचारा. पुष्कळांत येतो, कोपऱ्यातल्या कुठल्यातरी सेटिंगमध्ये. पासबुक आणि ठेव पावतीचा प्रिंटर तिथेच बांधून टाकला तर डिफॉल्ट फक्त वर्ड-एक्सेलपुरता उरतो आणि ही सगळी लढाई निम्म्याने कमी होते.

लिनक्सच्या तीन मशीनचं काम सोपं आहे. ‘यूनेम’ कमांड लिनक्स आहे एवढं सांगते, त्यातलं वितरण कोणतं ते ‘ईटीसी’मधल्या ‘ओएस रिलीज’ फाइलमध्ये असतं. त्यातला ‘आयडी’ वाचा, तो ओळखीचा नसेल तर ‘आयडी लाइक’ वाचा. कशावरून निघालं ते तिथे कळतं. प्रिंटरसाठी कप्स, म्हणजे लिनक्सची छपाईची व्यवस्था. ‘एलपी अॅडमिन’ने लावलेला डिफॉल्ट अख्ख्या मशीनचा, ‘एलपी ऑप्शन्स’ने लावलेला त्या युजरचा. पण तीच ‘एलपी ऑप्शन्स’ रूट, म्हणजे प्रशासक, म्हणून चालवली की तो सगळ्यांचा होतो. प्रश्न पुन्हा तोच, कोणाच्या नावाने चालवली. ‘प्रिंटर’ किंवा ‘एलपी डेस्ट’ नावाचं व्हेरिएबल सेट असेल तर या दोन्हींच्या वर त्याचं चालतं, म्हणून डिफॉल्ट ऐकत नाही असं वाटलं तर आधी ते पाहा. आणि कप्समध्ये प्रिंटरच्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून तक्त्यात तिसरा रकाना वेगळा ठेवायला सांगितलं.

सगळ्या मशीनसाठी एकच पायथॉन स्क्रिप्ट लिहायचा विचार तुम्ही बोलून दाखवला आहे. चांगला आहे, फक्त सिस्टिमच्या नावात ‘विन’ ही अक्षरं आहेत का असं तपासू नका. मॅकचं नाव तिथे ‘डार्विन’ असं येतं आणि त्यातही शेवटी ‘विन’ आहे. पूर्ण नाव जुळवा. आणि पॉवरशेल ७ मधलं ‘इज विंडोज’ हे व्हेरिएबल ५.१ मध्ये नाहीच. तिथे ते रिकामं येतं, म्हणजे खऱ्याखुऱ्या विंडोजवर स्क्रिप्ट ‘हे विंडोज नाही’ असं ठरवते.

शेवटी लॉग. प्रत्येक लॉगिनला एक ओळ: तारीख-वेळ, मशीन, युजर, बिल्ड, आधीचा डिफॉल्ट, हवा असलेला डिफॉल्ट आणि लावल्यानंतर पुन्हा वाचलेला डिफॉल्ट. शेवटचे दोन वेगळे असतील तर दोष स्क्रिप्टमध्ये. सारखे असूनही दुपारी तक्रार आली तर त्या मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंट सर्व्हिसच्या अॅडमिन लॉगमध्ये ८२३ क्रमांकाची नोंद शोधा. डिफॉल्ट प्रिंटर बदलला की विंडोज ती लिहिते, नव्या प्रिंटरच्या नावासह. तिची वेळ आणि ताईंनी तेव्हा काय छापलं ते शेजारी शेजारी ठेवा. आधी एकाच शाखेतल्या दोन काउंटरवर आठवडाभर हे चालवून पाहा, आणि त्या आठवड्यातल्या ८२३ च्या नोंदी मला पाठवा.